पायांच्या फुगलेल्या नीला : शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आणि घरच्यांची जबाबदारी

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके आणि विभागवार कामकाजाचा आढावा यांच्या जोडीला एखाद्या आजाराविषयी सर्वसामान्यांना उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही ‘व्हेरिकोज व्हेन्स’, म्हणजे पायांच्या फुगलेल्या व वेड्यावाकड्या झालेल्या नीला, हा विषय निवडला आहे. हा आजार काय असतो हे आता अनेकांना ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर काय घडू शकते, त्यातले किती अपेक्षित आणि किती धोक्याचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि त्याच्या पायातील बदल ओळखण्याची जबाबदारी परिचारिकेकडून घरातील माणसांकडे येते. ती त्यांना नीट पार पाडता यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमच्या शल्यचिकित्सकांशी चर्चा करून हे लेखन केले आहे. तथापि ते प्रत्यक्ष वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

‘नस’ या एका शब्दाचा घोटाळा

आपल्या बोलीत ‘नस’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला ही नस, संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू हीही नस, आणि आखडलेला स्नायूही ‘नसेवर नस चढली’ या शब्दांतच सांगितला जातो. त्यामुळे ‘पायाची नस काढावी लागेल’ असे ऐकताच पाय लुळा पडेल या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया टाळतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते, पुढे न भरणारी जखम होते, तेव्हा ते रुग्णालयात येतात.

म्हणून प्रथम हे स्पष्ट करावयास हवे, की या शस्त्रक्रियेत काढली किंवा बंद केली जाते ती कातडीखालची नीला. पायांतील रक्ताचा सुमारे नऊ दशांश भाग स्नायूंच्या आत असलेल्या खोल नीलांतून वर जातो. वरच्या नीलेतील झडपा निकामी झाल्या, की त्या नीलेतून रक्त वर जाण्याऐवजी खाली साचू लागते. अशी नीला काढल्याने रक्ताचा मार्ग अडत नाही, उलट साचणे थांबते. अर्थात खोल नीला मोकळ्या असल्या पाहिजेत. पूर्वी झालेल्या गुठळीने त्या बंद असतील, तर फुगलेली वरची नीला हाच रक्ताचा पर्यायी रस्ता असू शकतो आणि ती काढणे अपायकारक ठरते. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी डॉप्लर सोनोग्राफीचा आग्रह धरला जातो. खर्च वाचावा म्हणून ही तपासणी वगळण्याची विनंती काही नातेवाईक करतात. ती मान्य करता येत नाही, याचे कारण हे आहे.

उपचारांची वाटचाल

जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९०च्या सुमारास मांडीतील मुख्य नीला बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्धीस आणली. अमेरिकेतील बॅबकॉक यांनी १९०७ साली लवचीक तारेच्या साहाय्याने ती नीला आतून ओढून काढण्याची रीत सांगितली. ‘स्ट्रिपिंग’ नावाची ही रीत पुढे जवळजवळ शतकभर प्रमुख उपचार होती आणि आजही ती केली जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रीक्वेन्सी व लेसर या उष्णतेने नीला आतून बंद करण्याच्या पद्धती आल्या. औषधाचा फेस टोचून नीला बंद करण्याची ‘फोम’ पद्धतही रूढ झाली. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रथम उष्णतेची पद्धत, ती शक्य नसल्यास फोम आणि तीही योग्य नसल्यास शस्त्रक्रिया, असा क्रम सांगितला आहे. नव्या पद्धतींत जांघेत छेद घ्यावा लागत नाही आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. परंतु रक्ताची गुठळी, मज्जातंतूची इजा, कातडीवरील डाग आणि क्वचित भाजणे या शक्यता त्यांतही राहतात. ‘लेसर केले, आता काळजी कसली’ हा समज म्हणूनच बरोबर नाही.

जे अपेक्षित आहे

शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या आतल्या बाजूस निळे-जांभळे डाग उमटतात. ओढून काढलेल्या नीलेच्या जागी थोडे रक्त झिरपून साकळते, त्यामुळे ते दिसतात. पुढे ते हिरवट, पिवळट होत दोन ते चार आठवड्यांत नाहीसे होतात. नीलेच्या मार्गावर दोरीसारखा कठीणपणा किंवा लहान गाठी हाताला लागतात. त्या विरघळण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. पाय जड वाटणे, ओढ लागणे, संध्याकाळी घोट्याशी थोडी सूज येणे हेही स्वाभाविक आहे. कमरेतून भूल दिली असल्यास काहींना पहिल्या दिवशी लघवीला अडचण येते किंवा एक-दोन दिवसांनी उठून बसताच डोके दुखते. ही डोकेदुखी आडवे झाल्यावर कमी होते. ती टिकून राहिल्यास डॉक्टरांना कळवावे.

या साऱ्या त्रासांची एक समान खूण आहे : ते दिवसागणिक कमी होत जातात. आम्ही नातेवाइकांना हे एकच सूत्र लक्षात ठेवण्यास सांगतो. कालच्यापेक्षा आज कमी असेल तर धीर धरावा. कालच्यापेक्षा आज अधिक असेल तर रुग्णालय गाठावे.

बधिरपणा

घोट्याच्या किंवा पोटरीच्या आतल्या बाजूस कातडी बधिर वाटणे, मुंग्या येणे, कपडा लागला तरी चुरचुरणे, ही तक्रार पुष्कळ रुग्ण करतात. पायाच्या आतल्या बाजूची मुख्य नीला आणि तिच्याच नावाचा ‘सॅफेनस’ मज्जातंतू गुडघ्याखाली अगदी लगत चालतात. नीला घोट्यापर्यंत ओढून काढल्यास त्या तंतूस ताण बसण्याची शक्यता वाढते, म्हणून शल्यचिकित्सक साधारणतः गुडघ्याच्या किंचित खालीपर्यंतच ती काढतात. पायाच्या मागील नीलेवरील शस्त्रक्रियेत ‘सुरल’ तंतू जवळ असल्याने पावलाच्या बाहेरच्या कडेस बधिरपणा येऊ शकतो. हे दोन्ही तंतू केवळ संवेदनेचे आहेत. त्यांच्या इजेने पायाची ताकद जात नाही. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत ओसरतो, काहींच्या बाबतीत एखादा पट्टा कायमचा बधिर राहतो.

याला एक अपवाद आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास हाडाला वळसा घालून जाणारा एक तंतू पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवतो. त्यास इजा झाल्यास पाऊल लोंबते आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. हे फार क्वचित घडते. परंतु पाऊल घोट्यातून वर उचलता येत नाही असे आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घट्ट पट्टीचा दाबही याच जागी पडू शकतो.

रक्ताची गुठळी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. खोल नीलांत रक्ताची गुठळी होणे ही या शस्त्रक्रियेनंतरची क्वचित, पण गंभीर गुंतागुंत आहे. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रियेनंतर सर्व रुग्णांची सोनोग्राफी केली असता सुमारे ५ टक्के रुग्णांत अशी गुठळी आढळली. त्यातील बहुतेक गुठळ्या पोटरीपुरत्या मर्यादित होत्या आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना काहीही जाणवले नव्हते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु एखादी गुठळी वर सरकून फुप्फुसातील रक्तवाहिनीत अडकली, तर जिवावर बेतते.

पोटरी ताठ होणे, दाबल्यावर किंवा चालताना दुखणे, गरम लागणे, पाय उंच ठेवूनही सूज न उतरता वाढत जाणे ही गुठळीची लक्षणे आहेत. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा घेरी येऊन कोसळणे ही फुप्फुसात गुठळी गेल्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि शस्त्रक्रिया कोणत्या तारखेस झाली हे तेथे पहिल्या वाक्यात सांगावे.

येथे आपल्या घरांतील दोन चांगल्या सवयींचा उल्लेख करणे भाग आहे, कारण या एका प्रसंगी त्या अपाय करतात. पहिली सवय विश्रांतीची. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला अंथरुणातून उठू न देणे, पाण्याचा तांब्याही हातात नेऊन देणे, यात घरच्यांची माया असते. परंतु पोटरीचे स्नायू आकसतात तेव्हाच खोल नीलांतील रक्त वर ढकलले जाते. पोटरी स्थिर राहिली की रक्त साचते आणि गुठळीस वाव मिळतो. म्हणून आमच्याकडे भूल उतरताच रुग्णाला चालवले जाते. घरीही दर तासाला थोडे चालणे, बसल्या जागी पावले वरखाली करणे आणि पुरेसे पाणी पिणे आवश्यक आहे. एका जागी फार वेळ उभे राहणे किंवा पाय लोंबते ठेवून बसणे टाळावे. पहिले काही आठवडे एसटीचा लांबचा प्रवासही टाळावा.

दुसरी सवय चोळण्याची. पोटरी दुखते म्हणून तेल कोमट करून चोळून देणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. दुखणे गुठळीचे असल्यास चोळल्याने ती सुटून पुढे जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया झालेल्या पायाला मालिश करू नये, शेकही देऊ नये.

ज्यांना वा ज्यांच्या कुटुंबात कोणाला पूर्वी गुठळी झाली आहे, ज्या स्त्रिया संततिनियमनाच्या किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेतात, ज्यांचे वजन फार आहे किंवा ज्यांना कर्करोग झालेला आहे, त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. डॉक्टर अशा रुग्णांना हेपरिनसारखी इंजेक्शने देण्याचा विचार करतात. ही माहिती विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावी. गोळ्यांचा विषय संकोचाने टाळला जातो, म्हणून तो परिचारिकेशी बोलला तरी चालेल.

जखम, रक्तस्राव आणि पट्टी

जांघेतील छेद घाम येण्याच्या जागी असल्याने तेथे जंतुसंसर्गाची शक्यता अधिक असते. मधुमेह, लठ्ठपणा व धूम्रपान यांनी ती वाढते. जखमेभोवती लाली पसरणे, पू येणे, थंडी वाजून ताप येणे ही लक्षणे दिसल्यास लगेच यावे. जखमेवर हळद, भस्म वा अन्य काही लावू नये. जांघेतून पिवळसर पाणी वाहत राहिल्यास तो लसीकेचा स्राव असू शकतो. तो बहुधा आपोआप थांबतो, परंतु दाखवणे आवश्यक आहे. जांघेत मोठ्या रक्तवाहिन्या जवळच असतात. त्यांना इजा होणे अत्यंत दुर्मिळ असले, तरी तेथील सूज एकाएकी वाढत गेल्यास विलंब करू नये.

पट्टीतून रक्त येऊ लागल्यास रुग्णाला आडवे करावे, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर उचलावा आणि त्या जागेवर स्वच्छ कापडाने किमान दहा मिनिटे न सोडता दाब द्यावा. मांडीला रुमाल वा दोरी आवळून बांधू नये. रक्त नीलेचे असल्यास त्याने ते थांबण्याऐवजी वाढू शकते. दाब देऊनही रक्त न थांबल्यास दाब कायम ठेवूनच रुग्णालयात आणावे.

दाबाची पट्टी किंवा मोजे किती दिवस वापरायचे, याविषयी रुग्णांत बराच गोंधळ असतो. ‘नाइस’च्या २०१३च्या सूचनांनुसार उपचारानंतर ते ७ दिवसांहून अधिक वापरू नयेत. घोट्याजवळ जखम असलेल्या रुग्णाचा विचार वेगळा होतो. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव प्रमाण न मानता आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मुदत पाळावी. पायाची बोटे निळसर, गार किंवा बधिर झाल्यास पट्टी फार घट्ट आहे असे समजून ती सैल करावी आणि फोन करावा.

एक पाय की दोन्ही?

पैशांच्या व रजेच्या दृष्टीने आमच्या कार्यालयात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही पायांचे काम एकाच वेळी केले, की भूल एकदाच, रजा एकदाच आणि देयकही एकच. पोळीभाजी केंद्रातील स्त्रिया, केशकर्तनकार, वाहक, हवालदार, यंत्रमागावरील कामगार अशा दिवसभर उभे राहणाऱ्या माणसांना दोनदा मजुरी बुडवणे परवडत नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. प्रकृती चांगली असलेल्या रुग्णांत दोन्ही पायांची शस्त्रक्रिया एकत्र केलीही जाते.

तरीही निर्णय डॉक्टरांवर सोपवावा, असे आम्ही सांगतो, कारण दुसऱ्या बाजूलाही काही गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेचा वेळ व रक्तस्राव वाढतो. उष्णतेच्या पद्धतीत नीलेभोवती बधिर करणारे औषध टोचतात आणि त्याच्या एकूण मात्रेला मर्यादा असते. एक पाय दुखत असता दुसऱ्यावर भार देऊन चालता येते; दोन्ही दुखत असता रुग्ण चालण्याची टाळाटाळ करतो, आणि चालणे हाच तर गुठळीवरील पहिला उपाय. वयस्कर, हृदयविकार असलेले किंवा घरी मदतीस कोणी नसलेले रुग्ण यांच्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने एकेक पाय घेणे सुरक्षित ठरते.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. गुठळीची शंका घेताना आपण एका पायाची दुसऱ्याशी तुलना करतो; दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरहून अधिक फरक असल्यास डॉक्टर त्यास महत्त्व देतात. दोन्ही पायांवर शस्त्रक्रिया झालेली असता दोन्हीकडे सूज असते आणि ही तुलना तितकी उपयोगी पडत नाही. अशा वेळी शिवणकामाची साधी टेप कामास येते. परिचारिकेने पोटरीवर खूण केलेल्या जागी, रोज सकाळी उठण्यापूर्वी, दोन्ही पायांचा घेर मोजून कागदावर लिहावा. आकडा वाढत चालल्यास फोन करावा. सूज नसतानाही गुठळी असू शकते, त्यामुळे दुखणे वाढल्यास टेपवर विसंबून राहू नये.

पुन्हा उद्भवणे

‘शस्त्रक्रिया केली, तरी पुन्हा नसा दिसू लागल्या’ ही तक्रार काही वर्षांनी येते. नीला फुगण्याची प्रवृत्ती शरीरात राहते आणि नव्या नीला निकामी होऊ शकतात. इंग्लंडमध्ये ११ वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक पायांत फुगलेल्या नीला पुन्हा दिसून आल्या. मात्र नीला केवळ बांधण्याऐवजी काढून टाकली होती, त्या पायांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पुष्कळ कमी पडली. शस्त्रक्रियेने वेदना व सूज कमी होते, जखम भरण्यास मदत होते. आयुष्यभराची हमी मात्र कोणासही देता येत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी कळली तर ती माहिती ठरते, नंतर कळली तर फसवणूक वाटते.

संमतिपत्रावरील सही

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्णाच्या संमतीविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम, एवढे रुग्णास समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजे. अगदी दूरच्या व केवळ तात्त्विक शक्यता सांगण्याची आवश्यकता नाही, असे त्याचे सार आहे. बधिरपणा, गुठळी, जंतुसंसर्ग आणि पुन्हा उद्भवणे या चार गोष्टी आम्ही सांगण्याच्या बाजूच्या मानतो. सही करण्यापूर्वी त्या मराठीतून समजावून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही.

हितचिंतकांस विनंती

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ साली राज्यातील धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना लागू झाली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. या योजनेने रुग्णालयातील देयकाचा भार हलका होतो. परंतु देयक माफ झाले, तरी टाके दाखवण्यास येण्याचे एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी माफ होत नाही. नेमक्या याच कारणाने फेरतपासणी चुकते, आणि जी गुंतागुंत आठव्या दिवशी साध्या तपासणीत लक्षात आली असती, ती पुढे गंभीर होऊन येते.

आमच्या देणगीदारांना म्हणूनच विनंती आहे, की शस्त्रक्रियेसाठी देणगी देताना दाबाचे मोजे, फेरतपासणीचा प्रवास आणि गरजेनुसार दुसरी सोनोग्राफी यांचाही विचार व्हावा. या रकमा लहान आहेत आणि त्यांची पाटी कोणत्याही भिंतीवर लागत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र पुष्कळदा त्यांवरच सारे अवलंबून असते. ज्यांना देणगी देणे शक्य नाही, त्यांनी आपल्या शेजारी वा कामाच्या ठिकाणी अशी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : चालत राहा, आणि पोटरी दुखली तर चोळू नका, दाखवा. एवढे केले, तरी आमच्या कामास त्यांचा हातभार लागला असे आम्ही कृतज्ञतापूर्वक मानू.